फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे?

सदर : वीज आणि आपण



आपल्या हुबळी-धारवाडात सध्या घराचं किंवा दुकानाचं काम काढलं की पहिला प्रश्न येतो, "सीलिंग कुठलं करायचं?" विद्यानगर असो, केशवापूर असो की धारवाडचं सप्तापूर, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये फॉल्स सीलिंग हवंच. दवाखाने, शिकवणीचे वर्ग, कपड्यांची दुकानं, कल्याण मंटप यांची तर गोष्टच सोडा. सीलिंगचं डिझाइन, त्यातले दिवे, रंग यावर घरात आठ-आठ दिवस चर्चा चालते. पण त्या सीलिंगच्या वर, ते आणि स्लॅब यांच्यामधल्या फूट-दीड फूट पोकळीत काय ठेवलं जाणार आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. या महिन्यात त्या पोकळीविषयी बोलू या.

जुन्या घरांत ही भानगड नव्हती. मंगळुरी कौलांच्या घरात वर तक्तपोशी असायची आणि तिच्यावर माळा. विजेची तार मात्र डोळ्यांसमोर असायची. भिंतीवर सागवानी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या छोट्या क्लिपा आणि त्यांत बसवलेल्या तारा. दिसायला ते काही सुंदर नव्हतं, पण तार काळी पडली, सैल झाली किंवा उंदरानं कुरतडली की घरातल्या कुणाच्या तरी नजरेला पडायचंच. आता तार भिंतीच्या आत गेली आणि भिंतीतून निघून सीलिंगच्या वर गेली. घर देखणं झालं, पण तारेवरची नजर गेली.

हवा खेळणारी पोकळी

सगळ्या सीलिंगचा धोका सारखा नसतो. आधी आपली पोकळी कुठल्या प्रकारची आहे, हे ओळखायला हवं.

घरात भिंतीवरचा स्प्लिट एसी असेल, तर तो खोलीतलीच हवा ओढतो आणि खोलीतच सोडतो. सीलिंगमध्ये बसवलेला चौकोनी कॅसेट एसीसुद्धा आपल्या तोंडाच्या जाळीतून खोलीतलीच हवा घेतो. अशा ठिकाणी वरची पोकळी ही बंद जागा असते.

मोठी दालनं, रुग्णालयं, बँका आणि मॉलमध्ये मध्यवर्ती किंवा डक्टचा एसी असतो. थंड हवा पत्र्याच्या डक्टमधून येते. ती गरम झाल्यावर यंत्राकडे परत न्यायला दुसरा डक्ट हवा. पण पुष्कळ ठिकाणी तो करतच नाहीत. सीलिंगला जाळ्या ठेवतात आणि परतीची हवा सीलिंगच्या वरच्या मोकळ्या जागेतून यंत्राकडे खेचली जाते. म्हणजे ती अख्खी पोकळीच एक डक्ट झाली. अशा जागेला इंग्रजी तांत्रिक भाषेत 'प्लेनम' म्हणतात.

ओळखायची सोपी युक्ती आहे. एसी चालू असताना पातळ कागदाची पट्टी सीलिंगच्या जाळीजवळ धरा. पट्टी जाळीकडे ओढली गेली आणि जाळीच्या वर पत्र्याचा डक्ट जोडलेला नसेल, तर तुमच्या डोक्यावर हवा खेळणारी पोकळी आहे.

या पोकळीत आग लागली तर तीन गोष्टी एकदम घडतात. पहिली, आग दिसत नाही. खाली बसलेल्या माणसाला कळेपर्यंत तिनं बराच पल्ला गाठलेला असतो. दुसरी, एसीचा पंखा तिला ताजी हवा पुरवत राहतो, जशी चुलीला फुंकणीनं घालावी तशी. तिसरी आणि सर्वांत वाईट, तोच पंखा धूर गोळा करून ज्या खोल्यांत आग नाही तिथेही नेऊन सोडतो. आगीत माणसं भाजून जातात असं आपल्याला वाटतं, पण अशा इमारतींत बहुतेक जण धुरानं गुदमरून जातात.

धुरानं शिकवलेले धडे

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्स या सात मजली इमारतीत आग लागली. नऊ जण गेले. आग सुरू झाली ती तारा वर नेणाऱ्या उभ्या डक्टमध्ये. तिचा धूर त्याच मार्गानं मजल्यामजल्यावर पोचला. जीव गुदमरू लागल्यावर काहींनी खिडक्यांतून उड्या मारल्या. गेलेल्यांच्या नातेवाइकांनी पुढे 'बियॉन्ड कार्लटन' या नावानं अग्निसुरक्षेचं काम उभं केलं, ते आजही चालू आहे.

पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर २०११ रोजी, कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरात आग लागली. वरच्या मजल्यांवर ज्वाळा पोचल्याच नाहीत, पण एसीच्या डक्टमधून धूर पोचला. पहाटे झोपेत असलेले, अंथरुणावरून उठू न शकणारे सुमारे ९० जण गेले.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेली आग आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. चौथ्या मजल्यावरून ती वर चढत गेली. पाच जणांचा जीव गेला आणि हजारो फायली जळाल्या. लाकडी पार्टिशनं, फॉल्स सीलिंग आणि वेळोवेळी वाढवत नेलेलं वायरिंग यांची तेव्हा खूप चर्चा झाली.

परदेशातली यंत्रणा चोख असते म्हणावं, तर जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळाचं उदाहरण आहे. ११ एप्रिल १९९६ रोजी तिथे वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं. वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या सीलिंगवरच्या पोकळीत पडले. तिथे थर्माकोलच्या जातीचं उष्णतारोधक भरलेलं होतं. ते पेटलं, धूर पसरला आणि १७ जण गेले.

या चारही ठिकाणी आग लागण्याचं कारण वेगवेगळं आहे. पण धुराला आणि ज्वाळेला वाट मिळाली ती नेहमी माणसाच्या नजरेआडच्या जागेतून.

तार का तापते?

"आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर ट्रिप होईल," असं खूप जण सांगतात. हे अर्धंच खरं आहे.

एमसीबी पाहतो तो किती अँपियर वाहतोय एवढंच. तार शॉर्ट झाली किंवा भार फार वाढला तर तो पडतो. पण सीलिंगवरच्या आगीचं नेहमीचं कारण असतं सैल जोड. दीड टनाचा एसी चालताना साधारण ७ अँपियर घेतो. वर कुठेतरी तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला जोड आहे आणि तो सैल होऊन त्याचा रोध अर्धा ओहम झाला, असं धरू. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध : ७ × ७ × ०.५, म्हणजे जवळजवळ २५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटचीच असते. म्हणजे तुमच्या सीलिंगवर एक तापलेली इस्त्री रात्रभर ठेवल्यासारखं झालं. एमसीबीला मात्र ७ अँपियरच दिसतात आणि ७ अँपियर ही त्याच्या दृष्टीनं अगदी शहाणी गोष्ट आहे. आरसीसीबीसुद्धा इथे गप्प बसतो. तो ३० मिलिअँपियरच्या गळतीवर पडून आपल्याला शॉकपासून वाचवतो, सैल जोड ओळखणं त्याचं काम नाही. दोन्ही उपकरणं हवीतच, पण त्यांच्या भरवशावर जोड उघडा ठेवायचा नसतो.

त्यातून उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचा स्लॅब तापलेला असतो. पोकळीतली हवा खोलीपेक्षा गरम असते. साध्या पीव्हीसी तारेचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी बनवलेलं असतं. वरून गरम स्लॅब, शेजारी एकमेकींना चिकटलेल्या दहा तारा आणि आत सैल जोड, असा योग जुळला की आवरण हळूहळू कडक होतं, तडकतं आणि एक दिवस ठिणगी पडते.

पीव्हीसीच्या मूळ राळेत वजनानं निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्याशी तो मिसळला की त्याचं आम्ल होतं. म्हणून डोळे मिटतात, घसा बंद होतो आणि दार समोर असूनही माणसाला सापडत नाही.

नियम काय सांगतात?

आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ आहे. तिच्या चौथ्या भागात आगीचा विचार केला आहे. सीलिंगवरच्या जागेविषयी त्यातल्या मोजक्या गोष्टी आपल्याला ठाऊक असाव्यात.

१. फॉल्स सीलिंगच्या आतून जाणाऱ्या तारा धातूच्या पायपातून न्याव्यात. तारा सीलिंगच्या पाट्यांवर मोकळ्या टाकून ठेवू नयेत.

२. सीलिंगवरच्या २३० व्होल्टच्या तारांचं आवरण किमान ६६० व्होल्टच्या दर्जाचं असावं. आज बाजारातली आयएस ६९४ ची चांगली तार ११०० व्होल्टची असते, त्यामुळे ही अट आपोआप पुरी होते. अट एवढीच की ती खरी आयएसआय तार हवी.

३. सीलिंग आणि ते टांगायचा सांगाडा न जळणाऱ्या पदार्थाचा असावा. पोकळीतून एसीची परतीची हवा जात असेल, तर सीलिंग आणि त्यातलं सगळं सामान न जळणारंच हवं.

४. शक्य तिथे परतीच्या हवेलाही पत्र्याचाच डक्ट द्यावा, पोकळी वापरू नये. सगळ्या भानगडीचं मूळच यानं निघून जातं.

५. तारा वर नेणारा उभा डक्ट प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक मसाल्यानं बंद करावा आणि त्या डक्टमध्ये पाण्याचा, गॅसचा पाइप किंवा टेलिफोनची तार घालू नये. कार्लटन टॉवर्स आठवलं की या ओळीचा अर्थ कळतो.

अमेरिकेतले नियम याहून एक पाऊल पुढे आहेत. तिथे हवा खेळणाऱ्या पोकळीत इंटरनेटची किंवा टेलिफोनची तार मोकळी टाकायची असेल, तर ती खास 'प्लेनम' दर्जाची लागते. अशी तार २५ फुटी बोगद्यात वाहत्या हवेत २० मिनिटं जाळून पाहतात. ज्वाळा ५ फुटांपेक्षा पुढे सरकली किंवा धूर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा दाट झाला, तर तार नापास. वापरात नसलेल्या, नुसत्या पडून राहिलेल्या जुन्या तारा काढून टाकायचंही तिथे बंधन आहे. परदेशात ऑफिस थाटणाऱ्या आपल्या मुलांना तारेवर 'सीएमपी' ही अक्षरं दिसतील, त्याचा अर्थ हा.

आपल्या घरी स्प्लिट एसी असेल तर असली महाग तार आणायची काही गरज नाही. आपल्या बाजारात मिळणारे तीन प्रकार समजले तरी पुरे. तारेवर 'एफआर' लिहिलेलं असेल तर ती ज्वाळा सहज पुढे नेत नाही. पण दुसऱ्या कशामुळे जळाली तर काळा धूर देतेच. 'एफआरएलएस' किंवा 'एफआरएलएसएच' असेल तर धूर कमी आणि आम्लवायू वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. 'एचएफएफआर' म्हणजे क्लोरीनसारखे पदार्थ नसलेली तार. तिच्यासाठी आयएस १७०४८ हे वेगळं मानक २०१८ साली आलं. घराला एफआरएलएस चांगली. दवाखाना, शिकवणीचा वर्ग, सभागृह अशी माणसं जमायची जागा असेल तर एचएफएफआर घ्यावी, कारण तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. मात्र कुठलीच तार 'न जळणारी' नसते. दुकानदार तसं म्हणाला तर हसून सोडून द्या.

काम चालू असताना काय पाहायचं?

आपल्याकडे सीलिंगवाला वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, एसीवाला वेगळा आणि कॅमेऱ्याच्या तारा ओढणारा त्याहून वेगळा. प्रत्येक जण आपलं काम करून जातो आणि वरच्या पोकळीचा धनी कुणीच नसतो. म्हणून घरमालकानं किंवा सभागृहाच्या व्यवस्थापकानं सीलिंग बंद होण्याआधी एक चक्कर मारायचीच. कामगारांना आपल्या हुबळीच्या कन्नडमध्ये एवढं सांगितलं तरी भागतं : "वायर पैपन्याग हाक्री, मुच्चूकिंत मोदल तोरस्री." तार पायपात घाला, झाकण्याआधी दाखवा.

त्या चक्करीत हे पाहा :

• तारेचा प्रत्येक जोड झाकणाच्या डबीत आहे ना? टेप गुंडाळून लोंबत ठेवलेला जोड एकही चालणार नाही. आणि जिथे डबी आहे तिथे खालून हात घालता येईल अशी खिडकी सीलिंगला हवी.

• सीलिंगच्या वर प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड किंवा लवचीक वायर नको. सजावटीच्या पट्टीदिव्यांसाठी असा बोर्ड वर टाकून देण्याची फार वाईट पद्धत पडली आहे.

• एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर तापतात. ते थर्माकोल, प्लायवूड किंवा भुशाच्या गादीवर टेकलेले नसावेत. त्यांच्याभोवती मोकळी जागा हवी.

• तारा सीलिंगच्या सांगाड्यावर विसावलेल्या नसाव्यात. पाइप स्लॅबला क्लिपांनी धरलेला असावा. केबल टीव्ही, इंटरनेट, कॅमेरे यांच्या ताराही वेगळ्या पायपात घ्या.

• एसीला वितरण पेटीपासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी. दिव्यांच्या तारेवर एसीचा जोड घेतलेला दिसला तर काम तिथेच थांबवा.

• भिंतीतून तार पलीकडच्या खोलीत गेली असेल तर ते भोक मसाल्यानं बुजवलेलं असावं. उंदीरही तिथूनच ये-जा करतात आणि पीव्हीसी कुरतडणं हा त्यांचा छंद आहे.

• सीलिंग कशाचं आहे? जिप्समच्या पाटीत स्फटिकरूपानं वजनाच्या पाचव्या भागाएवढं पाणी असतं. आग लागली तर आधी ते पाणी वाफ होऊन जातं आणि तेवढा वेळ मिळतो. सध्या स्वस्त म्हणून पीव्हीसीच्या चकचकीत पट्ट्यांचं सीलिंग फार चाललंय. बाथरूमपुरतं ठीक, पण वर वायरिंग असलेल्या हॉलला ते लावू नये.

सीलिंग बंद होण्याआधी मोबाईलवर चारी कोपऱ्यांचे फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पाच वर्षांनी पंखा बदलायला आलेला माणूस तुम्हाला दुवा देईल. पायपाचा, डब्यांचा खर्च पूर्ण सीलिंगच्या मानानं किरकोळ असतो. पण सीलिंग झाल्यावर तेच काम करायचं म्हणजे तोडफोड आली.

डक्टचा एसी असलेल्या सभागृहात आणि रुग्णालयात आणखी दोन गोष्टी विचारा. परतीच्या हवेत धूर आला तर एसीचा पंखा आपोआप बंद पडतो का? आणि डक्ट एका भागातून दुसऱ्या भागात जातो तिथे आगीत आपोआप मिटणारी झडप, म्हणजे फायर डॅम्पर, आहे का? कार्यासाठी हॉल ठरवताना आपण जेवणाची चव बघतो, पार्किंग बघतो. याच वेळी हे दोन प्रश्न आणि मागचं दार उघडं असतं का, हा तिसरा, एवढं विचारायला संकोच कसला? चार यजमानांनी विचारलं तर पाचव्याच्या आधी मालक व्यवस्था करून ठेवेल.

वास आला तर

सीलिंगमधून जळका किंवा मासळीसारखा वास आला, दिवा लुकलुकू लागला, सीलिंगवर तपकिरी डाग उमटला, तर "उद्या बघू" म्हणू नका. आधी एसी बंद करा, म्हणजे धूर पसरवणारा पंखा थांबेल. मग मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

धूर दिसत असेल तर पाटी उचलून आत डोकावू नका. कोंडलेल्या आगीला हवा मिळून ती एकदम भडकते आणि जळकं सामान अंगावर पडतं. आधी सगळ्यांना बाहेर काढा, आजी-आजोबा आणि मुलं पहिल्यांदा. जाताना खाली वाकून, जमिनीलगत जा. चांगली हवा तिथे असते. लिफ्ट वापरू नका. बाहेर पडलात की ११२ किंवा १०१ वर फोन करा. विजेचा पुरवठा खांबावरून तोडायचा असेल तर हेस्कॉमचा क्रमांक १९१२ आहे. हे तीन आकडे आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

या महिन्यात एक रविवार सकाळ काढा. विजेरी घ्या, सीलिंगचा एखादा दिवा इलेक्ट्रिशियनकडून उतरवून घ्या आणि त्या भोकातून वर पाहा. तारा पायपात असतील तर झाकून टाका आणि चहा घ्या. लोंबत्या तारा आणि टेपचे गोळे दिसले, तर दिवाळीच्या माळा लागण्याआधी काम करून घ्या. आपल्या मंडळाचे कार्यक्रम ज्या सभागृहांत होतात, तिथल्या व्यवस्थापकांनाही हा लेख पाठवायला हरकत नाही.

पुढच्या महिन्यात इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी घरात कुठे ठेवावी, याविषयी. प्रश्न असतील तर मंडळाकडे जरूर पाठवा.